गुडघ्याची तक्रार आणि खुब्याचे दुखणे

रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूल आणि मुलींची अहिल्यादेवी प्रशाला या पुण्याच्या शनिवार पेठेतील दोन शाळा सुटण्याच्या सुमारास जो कोणी त्या बाजूने जात असेल, त्याने मुलांच्या चेहऱ्यांवरून क्षणभर नजर काढून ती त्यांच्या पावलांवर ठेवावी; दहा ते पंधरा या वयातील देह वाढता वाढता आपला तोल किती नाना तऱ्हांनी सांभाळीत असतो, हे त्याला तेथे उभ्या उभ्या पाहावयास मिळेल. कोणी पाठीवर दप्तर टाकून धावतो, कोणी सायकलवर टांग मारतो, कोणी मित्राच्या खांद्यावर हात ठेवून रेंगाळतो. आणि क्वचित एखादा, अंगाने जरा भरलेला मुलगा, एक पाऊल बाहेरच्या अंगाला टाकीत, किंचित लंगडत, साऱ्यांच्या मागून येताना दिसतो. काय झाले म्हणून विचारले, तर तो मांडीच्या पुढच्या भागावरून हात फिरवीत गुडघ्यापाशी आणतो आणि म्हणतो, “गुडघा दुखतोय.”

ही तक्रार घरी रुजू झाली म्हणजे तिचा निकाल बहुधा ठरलेल्या रीतीनेच लागतो. वाढीचे वय आहे, दुखायचेच, असे आजी म्हणते. खेळताना कोठे पडला असशील, असे वडील म्हणतात. आणि गणपतीच्या आधीचे दिवस असले, तर नदीपात्रात चाललेल्या ढोल-ताशांच्या सरावावर सारे खापर फुटते. मग तेल होते, शेक होतो, गुडघ्याला पट्टा बांधला जातो. दुखणे तरीही हटले नाही, तर डॉक्टर गुडघा दाबून पाहतात, फार तर गुडघ्याचे क्ष-किरणचित्र काढवितात. चित्रात गुडघा अगदी निर्दोष निघतो आणि घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. वस्तुतः धोक्याची मुदत येथूनच सुरू होते, कारण गुडघा निर्दोष आहे ही गोष्ट खरीच असते. दोष एक वीत-दीड वीत वर, खुब्यात असतो, आणि तिकडे कोणी पाहिलेलेच नसते.

सुश्रुताने शारीरस्थानात देहातील सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि काख, वंक्षण (जांघ) व दात यांचे सांधे त्याने उलूखल, म्हणजे उखळाच्या आकाराच्या, वर्गात घातले आहेत. खुब्याची रचना समजून घेण्यास याहून सोयीचे साधन आजही मिळणार नाही. कमरेच्या हाडात कोरलेले खोल उखळ. त्यात चपखल बसणारा, मांडीच्या हाडाचा गुळगुळीत गोल माथा. त्या माथ्याखाली तिरकस निघालेली निमुळती मान. आणि उखळाच्या काठावर लवचिक कूर्चेची एक गोट, अशी ही योजना आहे. मान निमुळती आहे म्हणूनच पाय पोटाशी घेताना, मांडी घालताना किंवा उकिडवे बसताना ती उखळाच्या काठाला न अडखळता फिरू शकते. मानेचा हा निमुळतेपणा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत त्याच्याशी निगडित आहे.

माथा आणि मान यांच्या दरम्यान, वाढ पुरी होईपर्यंत, कूर्चेचा एक पातळ थर असतो. नवे हाड तेथे घडते, म्हणून त्याला वाढीची तबकडी म्हणतात. बालपणी हा थर भोवतालच्या चिवट तंतुमय कड्याने घट्ट आवळलेला असतो. परंतु वयात येण्याच्या सुमारास, शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावाने उंची झपाट्याने वाढू लागते तेव्हा, तबकडी काहीशी रुंद व दुबळी होते, भोवतालचे कडे पातळ पडते, तबकडीची पातळी अधिक तिरपी होते, आणि नेमके त्याच काळात देहाचे वजनही वाढलेले असते. या चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तबकडीच्या सर्वांत कमकुवत स्तरातून हाड सरकू लागते. माथा घसरला, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वास्तविक माथा आपल्या जागी उखळातच राहतो आणि सरकते ती मान, वर, पुढे आणि बाहेरच्या अंगाला वळत. म्हणूनच मुलाचे पाऊल बाहेर फेकलेले दिसते. वैद्यकशास्त्रात या विकाराचे नाव ‘स्लिप्ड कॅपिटल फेमोरल एपिफिसिस’ असे आहे. फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने १५७२ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, असे मानले जाते. परंतु क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागेपर्यंत जिवंत माणसाच्या खुब्यात हे घडताना पाहण्याची कोणतीच तजवीज नव्हती.

हा विकार सर्रास आढळणारा नव्हे. अमेरिकेतील एका देशव्यापी पाहणीत ९ ते १६ वर्षे वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण दरसाल लाखामागे सुमारे ११ भरले; मुलग्यांत ते अधिक होते, आणि विकार जडण्याचे सरासरी वय मुलग्यांत पावणेतेरा तर मुलींत सव्वाअकरा वर्षांच्या आसपास निघाले. मुलींमध्ये ऋतुप्राप्तीनंतर तो क्वचितच दिसतो. डावा खुबा अधिक वेळा बिघडतो, आणि एका बाजूला हा विकार झालेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना, बहुधा पुढच्या दीड वर्षाच्या आत, दुसऱ्या बाजूलाही तो होतो. रुग्णांपैकी बहुसंख्य मुले वयाच्या मानाने वजनदार असतात. मूल अंगाने भरले की ते खात्यापित्या घरचे दिसते म्हणून समाधान मानण्याची आपली रीत जुनी आहे. पण तबकडीवर येणारा भार घरच्या प्रतिष्ठेची पर्वा करीत नाही.

या बाबतीत पुणेकरांना आपल्याच शहरात झालेल्या कामाचा आधार आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांच्या वाढीचे जे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले, त्यांच्या रचनेत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर हे अग्रभागी होते. आणि त्या तक्त्यांत अतिवजन व स्थूलपणा यांच्या मर्यादा भारतीय देहयष्टीला अनुसरून, म्हणजे पाश्चात्त्य मर्यादांहून खाली, धरलेल्या आहेत. आपल्या मुलाची उंची व वजन त्या तक्त्यावर वर्षातून दोनदा नोंदविण्यास फारसा खर्च येत नाही, आणि अशी नोंद असली म्हणजे मूल नुसते ‘गुटगुटीत’ आहे की धोक्याच्या रेषेपलीकडे गेले आहे, याचा निवाडा डोळ्यांच्या अंदाजावर सोडावा लागत नाही.

तथापि, मूल सडपातळ आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, असेही समजू नये. दहा वर्षांखालच्या, सोळा वर्षांवरच्या, किंवा वयाच्या मानाने बुटक्या व हलक्या मुलात हा विकार आढळला, तर त्यामागे थायरॉइड ग्रंथीची मंदता, वाढीच्या संप्रेरकाची उणीव किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार आहे काय, हे तपासलेच पाहिजे. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील अस्थितज्ज्ञांनी २०१३ मध्ये अशा १५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, ज्यांच्यात या विकाराच्या जोडीला ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या देशात सूर्य वर्षाचे बहुतेक महिने तळपत असतो, तेथील मुलांना सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची वाण पडावी, ही गोष्ट चमत्कारिक वाटते खरी; परंतु सकाळी शिकवणी, दुपारी शाळा आणि संध्याकाळी पुन्हा शिकवणी अशी ज्या मुलांची दिनचर्या आहे आणि ज्यांच्या वाड्याच्या अंगणाची जागा आता इमारतीखालच्या वाहनतळाने घेतली आहे, त्यांच्या अंगावर ऊन पडावे तरी केव्हा?

आता गुडघ्याच्या प्रश्नाकडे वळू. खुबा बिघडला असता गुडघा का दुखावा? याचा खुलासा असा की, मांडीच्या आतल्या बाजूने उतरणारा एक मज्जातंतू जाता जाता खुब्यालाही शाखा देतो आणि गुडघ्यालाही. खुब्यातून निघालेली वेदना त्याच वाटेने वर मेंदूकडे जाते आणि मेंदू तिचे ठिकाण ठरविण्यात चुकतो. अमेरिकेतील एका पाहणीत या विकाराच्या सुमारे १५ टक्के मुलांची मुख्य तक्रार गुडघ्याची किंवा मांडीच्या खालच्या भागाची होती. ही मुले खोटे बोलत नव्हती आणि त्यांचे पालकही निष्काळजी नव्हते. परंतु अशा मुलांचे निदान इतरांहून उशिरा होते, आणि जितका उशीर तितकी मान अधिक सरकते, हा या दुखण्याचा कठोर हिशेब आहे.

मागच्या पिढ्यांतील डॉक्टरांना लंगडणारे मूल पाहिले की प्रथम खुब्याच्या क्षयाची शंका येई, आणि ती रास्तही होती. पण क्षयात मूल खंगते, त्याला बारीक ताप राहतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांत पर्थेस नावाचा, माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा, निराळा विकार असतो. आपण ज्याविषयी बोलत आहो तो विकार याहून थोराड वयाच्या, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाला गाठतो, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

तो ओळखण्याची परीक्षा मात्र इतकी साधी आहे की, ती प्रत्येक कुटुंबवैद्याच्या दवाखान्यातील तपासणीच्या टेबलावर दोन मिनिटांत होऊ शकते. मुलाला उताणे निजवितात. डॉक्टर एका हाताने टाच व दुसऱ्याने गुडघा धरून पाय हळूहळू पोटाकडे आणतात. निरोगी पायाचा गुडघा सरळ छातीच्या रेषेत येतो. बिघडलेल्या पायाचा गुडघा वर येता येता आपोआप बाहेर वळू लागतो, काखेच्या दिशेने जातो, आणि मुलाने कितीही प्रयत्न केला तरी मध्यावर येत नाही. त्याच स्थितीत पाऊल बाहेर नेऊन खुबा आतल्या बाजूस फिरवू पाहिले, तर तो फिरतच नाही आणि मूल कळवळते. ड्रेहमान या जर्मन वैद्याच्या नावाने ही खूण ओळखली जाते. दोन्ही पायांची तुलना केली म्हणजे अननुभवी डोळ्यालाही फरक कळतो. शाळेतील कवायतीतही याची पूर्वसूचना मिळू शकते: ‘दक्ष’ म्हटल्यावर टाचा जुळवून उभ्या राहिलेल्या रांगेत एका मुलाचे एकच पाऊल इतरांपेक्षा फार बाहेर वळलेले राहते, आणि बैठका काढताना त्याचा तो गुडघा जवळ न येता बाहेर फाकतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने त्या मुलाला आळशी ठरवून दटावण्यापूर्वी त्याच्या पायाकडे एकदा बारकाईने पाहावे.

परीक्षेत शंका आली की क्ष-किरणचित्रे काढावयाची ती खुब्यांची, दोन्ही खुब्यांची, आणि दोन दिशांनी: एक समोरून आणि एक मांड्या फाकवून बाजूने. केवळ समोरच्या चित्रावर विसंबू नये, कारण आरंभी माथा मानेच्या तुलनेत मागे पडत असल्याने ते सरकणे कित्येकदा बाजूच्या चित्रातच दिसते. क्लाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये सुचविलेली खूण अशी की, मानेच्या वरच्या कडेवरून पट्टीने एक सरळ रेघ ओढावी. निरोगी खुब्यात ती रेघ माथ्याचा थोडा भाग कापून जाते, बिघडलेल्या खुब्यात ती माथ्याला स्पर्शही न करता वरून निघून जाते. चित्र उजेडावर धरून ही रेघ ओढून दाखविली, तर कोणत्याही आईबापांना आपल्या मुलाच्या खुब्यात काय झाले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि मग शस्त्रक्रियेला संमती देताना त्यांचा जीव तितकासा खालीवर होत नाही.

निदान झाले की चालणे बंद. या बाबतीत हयगय चालत नाही. मिशिगनच्या लोडर यांनी १९९३ मध्ये या विकाराचे दोन वर्ग केले: ज्या मुलाला कुबड्या घेऊन का होईना पण चालता येते त्याचा खुबा स्थिर, आणि ज्याला कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नाही त्याचा अस्थिर. त्यांच्या पाहणीतील ३० अस्थिर खुब्यांपैकी १४ खुब्यांत माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत झाले. २५ स्थिर खुब्यांपैकी एकातही तसे झाले नाही. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच वेळेवर झालेल्या निदानाचे मोल होय, कारण आज स्थिर असलेला खुबा उद्या जिन्यावरून पाय घसरला तर, किंवा कोणी हाडवैद्याने मालिश करून हिसका दिला तर, एका क्षणात अस्थिर होऊ शकतो. माथ्याला रक्त पोहोचविणाऱ्या बारीक वाहिन्या मानेच्या मागून वर चढतात. मान एकाएकी सरकली की त्या ताणल्या जातात किंवा तुटतात, आणि एकदा मेलेला माथा पूर्ववत करण्याचा खात्रीचा इलाज आजही शास्त्राच्या हाती नाही.

स्थिर खुब्यावरील प्रचलित उपाय अत्यंत नेमका आहे. भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, मांडीच्या वरच्या भागात एक लहानसा छेद घेऊन, मानेतून तबकडी ओलांडून माथ्याच्या मध्यात जाईल असा एकच पोकळ स्क्रू बसवितात. सरकलेला भाग बळाने जागेवर आणण्याचा मोह टाळतात, कारण त्यात रक्तवाहिन्यांना धोका असतो. जेथे आहे तेथेच माथा अडकवून ठेवावयाचा, पुढचे सरकणे थांबवावयाचे आणि तबकडी कालांतराने बुजून हाड एकजीव होऊ द्यावयाचे, हा या उपायाचा हेतू. मूल काही आठवडे कुबड्यांवर राहते, मग चालू लागते, दुखणे थांबते, आणि घरचे लोक हा मामला मिटला असे मानून तो विसरून जातात.

येथेच मला वाचकांना थांबवावयाचे आहे. स्क्रूने सरकणे थांबते. जेवढे सरकून झाले तेवढे व्यंग मात्र तसेच राहते. आपण ज्या मानेच्या निमुळतेपणाची गोष्ट आरंभी केली, तो निमुळतेपणा आता उरलेला नसतो: मान पुढे आणि वर सरकल्यामुळे माथ्याच्या पुढच्या बाजूला, जेथे खोलगट भाग असावयास हवा, तेथे हाडाचा एक उंचवटा तयार झालेला असतो. मुसळाच्या टोकालगतच गाठ आली तर ते फिरविताना उखळाचा काठ जसा तासला जाईल, तसाच प्रकार येथे घडतो. पाय पोटाशी घेतला, खाली वाकले, उकिडवे बसले, की तो उंचवटा उखळाच्या काठावर आपटतो; प्रथम काठावरची कूर्चेची गोट चुरगळते, मग तिच्या लगतची गुळगुळीत कूर्चा हाडापासून सुटू लागते. या आघाताला ‘फेमोरो-असेटाब्युलर इम्पिंजमेंट’ असे नाव आहे, आणि वयाच्या विशी-तिशीत जांघेत दुखू लागलेल्या कित्येक तरुणांच्या खुब्याच्या झिजेमागे तो असतो.

यातील एक सूक्ष्म गोष्ट सांगण्यासारखी आहे. उंचवटा मोठा असला तर तो काठावर आपटून तेथेच अडतो, आणि पाय पुढे वाकतच नाही. उंचवटा लहान असला तर तो काठाखालून उखळात शिरतो आणि आतली कूर्चा घासून काढतो. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रॅब यांनी संगणकावर खुब्याची आकृती घडवून हे दोन प्रकार दाखवून दिले. याचा अर्थ असा की, ज्याला आपण सौम्य सरकणे म्हणतो, तेही सर्वस्वी निरुपद्रवी असते असे नव्हे. त्या मुलाची हालचाल बरीचशी शाबूत राहते म्हणून ते तक्रार करीत नाही, आणि झीज मात्र आतल्या आत चाललेली असते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ड गांझ आणि त्यांचे सहकारी यांनी अशा तरुण रुग्णांचे खुबे शस्त्रक्रियेत उघडून पाहिले तेव्हा उंचवटा जेथे घासतो नेमक्या त्याच जागी कूर्चा फाटलेली त्यांना आढळली. २००१ मध्ये त्यांनी रक्तवाहिन्या सांभाळून माथा उखळातून सुखरूप बाहेर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि २००३ मध्ये हा आघात खुब्याच्या झिजेचे एक मोठे कारण असल्याचे प्रतिपादन केले.

याच्या उलट बाजूलाही वजनदार पुरावा आहे, आणि तो दडवून ठेवणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील आयोवा येथे अशा १५५ खुब्यांचा सरासरी ४१ वर्षे मागोवा घेण्यात आला, आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, माथा आहे त्या जागी अडकवून ठेवलेले खुबे सर्वांत दीर्घकाळ टिकले आणि माथा सरळ करण्याच्या खटाटोपात उपद्रवच अधिक झाले. माथा पुन्हा मानेवर नीट बसविण्याची जी सुधारलेली डन पद्धती बर्नमधून प्रसृत झाली, तिच्याविषयीही अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या २०१३ च्या एकत्रित अहवालात २७ अस्थिर खुब्यांपैकी ७ खुब्यांचा माथा मृत झाल्याची नोंद आहे. सरकणे सौम्य असेल तर साधा स्क्रू आणि नंतर डोळ्यांत तेल घालून देखरेख, हेच मला रास्त वाटते. मोठे फेरबदल, ते सतत करणाऱ्या अनुभवी हातांखेरीज अन्यत्र करवून घेऊ नयेत.

परंतु आयोवाचा निष्कर्ष पुण्यास जसाच्या तसा लागू करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तेथील रुग्ण खुर्चीवर बसून जेवणारे, खुर्चीवर बसून काम करणारे आणि कमोड वापरणारे होते. खुबा काटकोनाइतका वाकला की त्यांचा दिवस निभावतो. आपल्याकडे जुन्या वाड्यात राहणाऱ्याला, आणि सदनिकेत राहूनही सणासुदीला गावी जाणाऱ्याला, पाटावर बसावे लागते, उकिडवे बसावे लागते, देवासमोर जमिनीवर डोके टेकावे लागते; या सर्वांत खुबा काटकोनापलीकडे बराच वाकावा लागतो आणि गुडघे जवळ यावे लागतात. गंमत अशी की, असे मूल मांडी घालून विनासायास बसते, कारण त्यात पाय बाहेरच वळतो. त्याची खरी कसोटी उकिडवे बसताना आणि वज्रासनात पुढे वाकताना लागते. खुब्याची हालचाल पाश्चात्त्य मापाने समाधानकारक असली तरी आपल्या मुलाला ती पुरते की नाही, हा प्रश्न पालकांनी शल्यविशारदाला विचारलाच पाहिजे, आणि शल्यविशारदानेही तो गौण मानू नये.

अशा आघाताची लक्षणे दिसू लागली, म्हणजे बूट-मोजे घालताना जांघेत कळ येऊ लागली, दुचाकीवर टांग टाकताना खुबा अडखळू लागला, बराच वेळ खाली बसून उठताना पाय आखडू लागला, तर उपाय आहेत. उंचवटा लहान असेल तर दुर्बिणीतून तो तासून मानेला पूर्वीचा निमुळतेपणा देता येतो. मध्यम असेल तर खुबा उघडून तेच काम अधिक मोकळेपणाने करता येते. आणि व्यंग मोठे असेल तर मानेच्या खाली मांडीचे हाड कापून ते योग्य दिशेला वळवून पुन्हा जोडतात, ज्याची एक रीत जर्मनीच्या इम्हॉयझर यांनी १९५७ मध्ये आणि दुसरी अमेरिकेच्या साउथविक यांनी १९६७ मध्ये सांगितली. यांपैकी कोणताही उपाय कूर्चा शिल्लक असेतोवरच फलदायी ठरतो. ती एकदा गेली की सांधा बदलण्याखेरीज मार्ग उरत नाही, आणि विशीतल्या तरुणाला कृत्रिम खुबा बसविणे म्हणजे त्याच्या आयुष्यात आणखी एक-दोन मोठ्या शस्त्रक्रियांची बेगमी करून ठेवणेच होय.

शनिवार पेठेतील मुलाला यासाठी दूरदेशी जावे लागत नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिलेले ससून रुग्णालय आहे, डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेले अस्थिरुग्णालय नदीपलीकडे शिवाजीनगरला आहे. अन्य मोठी रुग्णालयेही फार लांब नाहीत. अडचण अंतराची नसून शंका न येण्याची आहे. शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या ३० विकारांची यादी त्यात आहे, तीत जन्मजात निखळलेला खुबा आहे, मुडदूस आहे. पौगंडातील हा सरकलेला माथा नाही. शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाने दहा वर्षांवरील प्रत्येक लंगडणाऱ्या व गुडघा दुखणाऱ्या मुलाचा खुबा एकदा फिरवून पाहावा, एवढा हुकूम निघण्यास कोणत्याही नव्या यंत्राची किंवा खर्चाची गरज नाही. तो निघावा.

पालकांना माझी विनंती दोन गोष्टींची आहे. दहा ते पंधरा वर्षांचे मूल लंगडत असेल, किंवा त्याचा गुडघा, मांडी अथवा जांघ काही दिवस दुखत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे की, त्याचा खुबाही तपासा. आणि मुलाला पायावर उभेच राहवत नसेल, तर त्याला चालवू नये, चोळू नये, निजवूनच रुग्णालयात न्यावे. ज्यांच्या घरी स्क्रू बसविलेले मूल आहे त्यांनी दुसऱ्या बाजूचा खुबा वाढ पुरी होईपर्यंत डॉक्टरांनी ठरविलेल्या मुदतीने दाखवीत राहावे, आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची सर्व क्ष-किरणचित्रे तारखेनिशी जपून ठेवावीत. पंधरा वर्षांनी त्या तरुणाने जांघ दुखते म्हणून तक्रार केली, तर त्याचा खुबा तपासणाऱ्याला सर्वांत आधी तीच चित्रे लागणार आहेत.